डोळ्याच्या पडद्यावर दिसणारा बीपी

[दृश्य: पंचवटी, सकाळ. नेत्रतपासणी शिबिराची रांग.]

रांगेतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच: मोतीबिंदू पिकला, की चष्म्याचा नंबर वाढला? यातले बरेच जण बीपीची गोळी घेतात. पण ती गोळी आणि डोळा यांचं काही नातं असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

[दृश्य: डोळ्यात थेंब. मग पडद्याचा फोटो.]

थेंबांनी बाहुली मोठी झाली की डॉक्टर आतला पडदा पाहतात. कुठेही चिरा न देता धमन्या आणि शिरा इतक्या स्पष्ट दिसाव्यात, अशी दुसरी जागा शरीरात नाही. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, जगासमोर आणला, तेव्हापासून हे शक्य झालं.

निरोगी धमनीची भिंत पारदर्शक असते. दिसतो तो आतल्या रक्ताचा रंग. बीपी वर्षानुवर्षं चढा राहिला की धमनी आकसते, भिंत जाड होते. मग उजेड भिंतीवरूनच परततो आणि धमनी भांडीबाजारातल्या तांब्याच्या तारेसारखी चमकू लागते.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती धमनी शिरेला ओलांडते ती जागा. तिथे दोघींना बाहेरून एकच आवरण असतं. कडक झालेली धमनी शिरेला दाबते. पुढे तिथेच रक्त साकळून शीर बंद पडू शकते, आणि नजर अचानक धूसर होते.

१९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या डॉक्टरांनी बीपीच्या रुग्णांचे पडद्यावरून चार गट केले. चौथ्या गटात डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेलाच सूज होती. त्यातले बहुतेक वर्षभरात दगावले. आजच्यासारख्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. आज अशी सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखल व्हायचं.

२०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या फोटोंवरून संगणकाकडून वय, धूम्रपान आणि हृदयविकाराचा धोका यांचा अंदाज काढून घेतला. तरी हा फोटो ईसीजीची जागा घेत नाही. पडदा स्वच्छ दिसला म्हणून हृदय ठणठणीत, असंही नाही.

[दृश्य: तपासणीचं टेबल.]

बीपी किंवा साखर असेल तर नुसता नंबर काढून परतू नका. ‘डॉक्टर, पडदाही बघा,’ असं सांगा. तो कागद तुमच्या बीपीच्या डॉक्टरांनाही दाखवा. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, त्यामुळे सिन्नर-दिंडोरीहून येणाऱ्यांनी दुचाकी घरीच ठेवावी आणि सोबत कुणाला तरी आणावं.