पत्र्याखाली ‘चक्र’

(दृश्य : वागळे इस्टेट, संध्याकाळ. कंपन्यांची फाटकं, रिक्षांची रांग, मागे येऊरचा डोंगर.)

जनरल शिफ्ट सुटली की रोड नंबर 16 वर पाय ठेवायला जागा नसते. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथे, ठाण्यात उभी राहिली. कारखान्यांचे भूखंड शिस्तीत आखले गेले. कामगार कुठे राहणार, हे आखायचं राहून गेलं. मग डोंगराच्या पायथ्याशी ज्याने त्याने आपापलं बघितलं.

त्याच सुमारास, 1963 मध्ये, जयवंत दळवींची ‘चक्र’ आली. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांच्या टोप्या उडवणारे तेच हे दळवी. कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीतली. तिच्यावर रवींद्र धर्मराज यांनी हिंदी चित्रपट केला, त्याला 1981 साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात ‘सुवर्ण बिबट्या’ हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. धर्मराज यांचा हा एकच कथापट. त्यानंतर थोड्याच काळात ते गेले.

हा चित्रपट मोबाइलवर बघून संपवणं म्हणजे त्याला वाया घालवणं. तो चारचौघांत, अंधारात, आवाज नीट लावून बघायचा, इथल्या वस्तीतल्या समाजमंदिरात बघतात तसा.

(दृश्य : समाजमंदिर. शिडीवर चढलेला मुलगा खिडकीला काळं कापड ठोकतो आहे.)

हॉल चाळीस फूट बाय पंचवीस. वर सिमेंटचा नाही, लोखंडी पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा निवायला रात्र होते, म्हणून खेळ डिसेंबर ते फेब्रुवारीतच. परवानगीचं काम आधी उरकायचं. घरी बघायला घेतलेली प्रत सार्वजनिक खेळाला चालत नाही, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचं लेखी पत्र हवं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरचं अक्षरही वाचायचं. ‘ए’ असेल तर दाराशी माणूस उभा करून पोरांना परत पाठवायचं, कितीही रडली तरी.

पडदा बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच. मंडपवाल्याचं साधं पांढरं कापड घेतलं तर निम्मा उजेड आरपार जातो. मागून काळं अस्तर असलेलं कापड घ्यायचं आणि चारही कडांना दर फुटावर डोळे पाडून दोरीने बांबूच्या चौकटीला ताणायचं. एक सुरकुती राहिली तर प्रत्येक चेहऱ्याला व्रण दिसतो. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर, नाहीतर सतरंजीवर बसलेल्यांची डोकी चित्रात येतात.

(दृश्य : टेबलावर टेबल, त्यावर प्रोजेक्टर. मोजपट्टी.)

साडेतीन हजार ल्यूमेन उजेडाचा प्रोजेक्टर इथे पुरतो. अंतर आणि चित्राची रुंदी यांचं याचं गुणोत्तर दीड, म्हणजे बारा फुटी चित्राला अठरा फूट अंतर. टेबल बुटकं असलं की लोक प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली पुस्तक सरकवतात. चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. मग रिमोटने कोपरे ओढून ते सरळ करतात, आणि तिथेच बारकावे पुसट होतात. त्यापेक्षा टेबल उंच करा. चित्र पडद्याभर बसलं नाही तर कडेला काळी पट्टी राहू द्या. ताणून भरलं की चित्रपटाची नायिका स्मिता पाटील ओळखू येत नाही.

आता आवाज. खरी मारामारी इथे आहे.

बारा इंची दोन बॉक्स, पडद्याच्या दोन बाजूंना, स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर. पत्रा आणि उघड्या भिंती मिळून प्रत्येक शब्द दोनदा म्हणतात. उपाय शेजारच्या घराघरांत पडलेला असतो. गोधड्या! मागच्या भिंतीवर सहा-सात गोधड्या टांगल्या की घुमारा निम्म्यावर येतो. खर्ज उतरवायचा, कारण तो वाढला की पत्रा थरथरतो आणि संवाद बुडतात. घरघर येत असेल तर बहुतेक वेळा प्रोजेक्टर एका बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्यावर असतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यायचे, अर्थिंग एकच. एका बॉक्सची वायर उलटी जोडली गेली तर मधोमध बसलेल्याला बोलणं पोकळ ऐकू येतं. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारी ठेवून लांब वायर आवाजाची न्यायची. चित्राची केबल पंधरा मीटरच्या पुढे गेली की पडदा मधेच काळा होतो.

पंखे सुरू ठेवले तर ऐकू येत नाही, बंद केले तर लोक उठतात. पुढचे दोन बंद, मागचे चालू, यावर सध्या तह झाला आहे.

(दृश्य : प्रेक्षक. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर.)

खेळाआधी कादंबरीतली दोन पानं मोठ्याने वाचली जातात. मग चित्रपट. झोपडी उभारायला पत्रा हवा म्हणून अम्माचा (स्मिता पाटील) नवरा तो चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. पुढचा सगळा संसार त्या न मिळालेल्या पत्र्यामागून येतो. मुलगा बेनवा, लुका, ट्रकवाला अण्णा. कला दिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचं, ‘पथेर पांचाली’चं घर उभं करणारे. माणसांवरून नजर काढून एकदा नुसत्या भिंती, दोऱ्या, भांडी बघा. कोणती वस्तू कुठे टांगली आहे, यावरून त्या घरात किती माणसं झोपतात ते कळतं. ‘चक्र’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार. नसीरुद्दीन शाहचा लुका आधी रुबाबात चालतो आणि मग आजाराने खंगत जातो. तो बदल चेहऱ्यापेक्षा चालण्यात जास्त आहे. नळावरच्या अंघोळीचं दृश्य तेव्हा जाहिरातींवर झळकवलं गेलं. चित्रपटात ते रोजच्या कामांपैकी एक काम आहे, आणि इथल्या बायका ते तसंच बघतात. शिट्टी आली तर मागच्या रांगेतून येते, आणि तिथल्या तिथे कोणीतरी दटावतं.

शेवटी बुलडोझर येतो. इथे शेजारच्या किसननगरात क्लस्टर योजनेचं, म्हणजे जुनी वस्ती पाडून एकत्र नव्याने बांधण्याचं, भूमिपूजन जून 2023 मध्ये झालं. या हॉलचा नंबर कधी, ते नकाशे ठरवतील.

(दृश्य : दिवे लागतात. वायरी गुंडाळणं.)

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, म्हणून खेळ साडेसहाला सुरू. संपल्यावर प्रोजेक्टरचा प्लग लगेच काढायचा नाही. दिवा तापलेला असतो, आतला पंखा दोन-तीन मिनिटं फिरू द्यायचा. मधेच वीज गेली तरी हेच संकट, म्हणून प्रोजेक्टर एक हजार व्हीएच्या यूपीएसवर. तेवढ्या वेळात गोधड्या उतरवून ज्याच्या त्याच्या घरी पोचवता येतात, कारण रात्री त्या लागतातच.