आजच्यापुरती भाकर

प्रभूमधील प्रिय बंधुभगिनींनो,

रोजच्या जगण्यात आणि संकटात ख्रिस्ती विश्वास कसा जगायचा, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी पाळक नाही. पवित्र शास्त्र मी तुमच्यासारखंच घरी बसून वाचलेलं आहे. नऊ वर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाची मी बायको होते, आणि आज जे बोलणार आहे ते तिथूनच बोलणार आहे.

आमच्या घरी पाण्याची एक बाटली होती, रेघा मारलेली. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून प्यायचं पाणी मोजून द्यावं लागतं. तहान मात्र मोजून लागत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी मी सकाळी त्या बाटलीत भरायची. गोळीबरोबरचा घोट त्यातला, चहाचं पाणी त्यातलं. रात्री झोपेपर्यंत तेवढंच पुरवायचं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. एक दिवस जरा बरा जायचा की दुसऱ्या दिवशी परत निघायची तयारी.

पहिलं वर्षभर माझं देवाजवळ एकच मागणं होतं: प्रभू, हे संपव. एकदाच काय ते बरं कर. उपवास केले, रात्री जागून प्रार्थना केली. ते संपलं नाही. मग मी प्रार्थनेला बसायचंच सोडलं, कारण तेच मागायचं आणि तसंच उठायचं, हे मला सोसवेना.

त्या दिवसांत बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय परत वाचनात आला. लहानपणापासून ऐकलेली मान्नाची गोष्ट: रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेल्या अन्नाची. सकाळी दव सुकलं की जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरं पसरलेलं दिसायचं. लोक एकमेकांना विचारायचे, "हे काय आहे?" त्यावरूनच त्याला मान्ना नाव पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे त्या काळचं एक माप, गोळा करायचं. जास्त गोळा करणाऱ्याचं उरलं नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी कुणी राखून ठेवलं तर त्यात किडे पडायचे, घाण वास सुटायचा. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचं, आणि तेवढं मात्र टिकायचं.

हे चाळीस वर्षं चाललं. शब्बाथ वगळले तरी बारा हजारांहून जास्त सकाळी होतात. इतक्या सकाळी ते लोक वाकले आणि त्या दिवसापुरतं उचललं. देवाला कोठारं भरून देता आली नसती का? आली असती. पण त्याने मापानं दिलं. रेघा मारलेली ती बाटली हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि पहिल्यांदा मला वाटलं, मी नऊ वर्षांचं बळ एकदम मागतेय. (तेव्हा ती नऊ वर्षं असतील हे अर्थात मला माहीत नव्हतं.) ते मला कधीच मिळालं नाही. त्या एका दिवसाचं मिळत होतं, आणि मी ते मोजतच नव्हते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मूळ ग्रीकमध्ये "रोजची" या जागी जो शब्द आहे, एपिऊसिओस, तो फार दुर्मीळ. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाची मायबोलीच ग्रीक, पण त्यालाही तो शब्द लेखकांच्या ग्रंथांत किंवा लोकांच्या बोलण्यात कुठे आढळला नव्हता. कुणी त्याचा अर्थ "आजची" असा करतं, कुणी "येणाऱ्या दिवसाची", तर कुणी "जगायला लागते तेवढी". कुठलाही अर्थ घ्या, मोठा साठा त्यात येत नाही.

सारफथ गावच्या विधवेचं तसंच. दुष्काळात एलीया संदेष्ट्याने तिच्याकडे भाकर मागितली तेव्हा तिच्या मडक्यात मूठभर पीठ होतं आणि कुपीत थोडंसं तेल. ती दोन काटक्या वेचत होती: शेवटचं रांधायचं, मुलाबरोबर खायचं आणि मग मरायचं. पुढे शास्त्र सांगतं की मडक्यातलं पीठ सरलं नाही. मडकं भरलं, असं कुठे लिहिलेलं नाही. मला वाटतं, तिला रोज मडक्यात हात घालताना तळच लागत असेल, आणि रोज मूठभर निघत असेल. चमत्कार पुरा झाला असं आपल्याला वाटतं तोच तिचा मुलगा आजारी पडून मरतो. ती एलीयावर चिडते: माझं पाप आठवून द्यायला आणि माझा मुलगा मारायला आलात का? एलीया तिला गप्प करत नाही. मुलाला उचलून माडीवर नेतो आणि देवाला जवळजवळ तोच प्रश्न विचारतो.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण याच जागी आम्हांला फार लागलं होतं. एका प्रार्थनासभेत माझ्या नवऱ्याला तोंडावर सांगण्यात आलं, "भाऊ, तुमचा विश्वास कमी पडतोय." तो काही बोलला नाही. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर कित्येक महिने तो उपासनेला आला नाही.

रडगाणं म्हणजे अविश्वास, हे आपण कुठून शिकलो? स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ज्यांनी शास्त्र जपलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. देवाच्या घरात गायला ठेवलं. आणि वधस्तंभावर आपल्या प्रभूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि चुकले. शेवटी देव सांगतो की माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही.

पौलाचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो बेड्यांत आहे. धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे, असं लिहितो. आणि त्याच अध्यायात सांगतो की त्रोवस शहरात कार्पा नावाच्या माणसाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, हिवाळ्याच्या आधी ये. मरण समोर दिसत असलेल्या प्रेषिताला थंडी वाजते, आणि तो झगा मागतो. मला मदत मागायची लाज वाटायची. हे वाचल्यावर मी मंडळीतल्या एका बहिणीला फोन केला आणि म्हटलं, गुरुवारी चार तास त्यांच्याजवळ बसशील का, मला झोपायचंय. ती आली. मग इतरही येऊ लागल्या. भाऊबहीण उपाशी असताना "सुखाने जा, पोटभर जेवा" एवढंच म्हणण्यात काय अर्थ, हे याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवलंय. त्या बहिणींनी ते कधी मला वाचून दाखवलं नाही.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते सांगते. एका रात्री तो चोरून पाणी पिताना दिसला. नळाखाली ओंजळ धरून, लहान मुलासारखा. मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे सांगणार नाही. संकटाने माणूस आपोआप पवित्र होत नाही. मी तर कडवट झाले होते. अंथरुणावर पडून सवयीने प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. भाकरीची ओळ झाली आणि लगेच पुढची आली: "आणि" आमची ऋणं आम्हांला सोड, जशी आम्ही आमच्या ऋण्यांना सोडली आहेत. मधे नुसतं एक "आणि" आहे. भाकर रोज लागते, तशी क्षमाही रोज लागते. मी उठून त्याच्याजवळ गेले. तो जागाच होता. म्हणाला, "फार तहान लागली होती गं." आम्ही दोघंही रडलो.

पुढच्या वर्षांत आजार वाढतच गेला. आमच्या सकाळी मात्र बदलल्या. बाटली भरताना मी मोठ्याने म्हणायची, "आजचं दे." तो खोलीतून म्हणायचा, "आमेन."

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने माझ्या हातून बाटली भरली गेली. रेघेपर्यंत. बाहेर मंडळीतल्या तीन-चार बहिणी बसल्या होत्या. त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांचा आवाज आत येत होता: आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. त्या "आम्हांला"मध्ये मीही होते. त्या दिवशी ती प्रार्थना माझ्या वाटची त्यांनीच म्हटली.