थुका नोका देऊ, बाबाजी

(दृश्य: सकाळ. धानाच्या बांध्या, मग एका घराची सपरी.)

गोंदिया जिल्ह्यातलं एक गाव. आशाताई बाबाजींच्या हातात झाकणाची डबी देते.

"थुका नोका देऊ, बाबाजी. छातीतला बेडका पायजे. लांब श्वास घ्या अन् खोका."

तीन महिन्यांचा खोकला. चाळीस वर्षांची बिडी. इकडे खोकला म्हटला की आधी टीबी, आणि ते बरोबरच आहे. मागच्या वेळी डबी तालुक्याला गेली, ‘निगेटिव्ह’ आली. घरचे निश्चिंत झाले. खोकला तिथंच राहिला.

टीबीच्या तपासणीत जंतू शोधतात. त्याच बेडक्यात कॅन्सरची पेशी असली, तरी तिच्याकडे कोणी बघत नाही. एक्स-रेवरचा डागही फसवतो. म्हणून कित्येक जण आधी टीबीच्या गोळ्या खातात आणि कॅन्सर कळेपर्यंत तो पसरलेला असतो.

काचपट्टीवर बेडका पसरून या पेशी शोधायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात तिच्या मोठ्या चाचण्या झाल्या, पण मृत्यू काही घटले नाहीत. हजारो पेशींत चार वाईट. माणसाच्या नजरेतून त्या सुटणारच.

(दृश्य: प्रयोगशाळा.)

आता ती नजर यंत्राची. बेडक्याचा चिकटा विरघळवून पेशी सुट्या करतात. मग पोर्फिरिन नावाचा रंग घालतात. कॅन्सरच्या पेशी तो जास्त शोषतात आणि प्रकाश पडताच लाल चमकतात. फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरपुढून जाते, निवाडा संगणक करतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 150 जण होते. कॅन्सर असलेल्यांपैकी 82 टक्के यंत्रानं ओळखले. आकडा चांगला, माणसं थोडी. आणि यंत्र ‘हो’ म्हणालं, तरी पुढे सीटी स्कॅन आणि फुप्फुसाचा तुकडा काढून तपासणं आलंच.

पण यंत्राचीही एक अट आहे. नमुन्यात मॅक्रोफेज हव्यात, म्हणजे फुप्फुसाच्या तळाशी धूळ-धूर गिळत बसलेल्या पेशी. त्या नसतील, तर डबीत नुसती लाळ आहे. आशाताईला हे नाव ठाऊक नसेल. अट ठाऊक आहे.

हे यंत्र तिच्या आरोग्य केंद्रात नाही. आजची डबीही टीबीसाठीच जाईल.

(दृश्य: सपरी.)

बाबाजी खाकरतात. आशाताई डबी उजेडात धरते. पाणीच आहे.

"अजून एकडाव, बाबाजी."