प्रश्न कोणाला विचारला?

नमस्कार श्रोतेहो.

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला एक निवेदन दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यात आहे, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण मास्तर कसा निवडावा, याबद्दलही त्यात काही ओळी आहेत. त्या मात्र फारशा कोणी सांगत नाही. फुल्यांचं म्हणणं असं होतं, की प्राथमिक शाळेचा मास्तर प्रशिक्षित तर असावाच, पण शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. तो लोकांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांची नड ओळखेल. धर्माच्या समजुतींपायी पोरांपासून अंतर राखणारा मास्तर त्यांना नको होता. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा माणूस हवा होता. आणि पगार किमान 12 रुपये द्या, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

शिकवायला येणारा माणूस समोरच्या सगळ्या मुलांना आपलं मानेल का, हे नेमणुकीआधी पाहावं, हा विचार म्हणजे बाहेरून आणलेलं फॅड नाही. तो पुण्यातला आहे आणि 140 वर्षांहून जुना आहे.

आज आपण काय पाहतो? केंद्राच्या सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेत 150 प्रश्न असतात. त्यातले समावेशक शिक्षण आणि विशेष गरजा असलेली मुलं यांवर 5. पास व्हायला 60 टक्के लागतात. म्हणजे ते पाचही प्रश्न चुकवले, तरी उमेदवार खुशाल पात्र ठरतो. आपल्याकडे महाराष्ट्रात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आहे, 200 गुणांची. तिच्या अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्व, समायोजन असे भारदस्त घटक आहेत. पण कल्पना करा, संगणकावर प्रश्न आला: ‘तुमच्या वर्गात पारधी वस्तीवरची मुलगी नव्याने आली आहे, तुम्ही काय कराल?’ खाली चार पर्याय. त्यात ‘तिला मागे बसवीन’ यावर कोण टिचकी मारणार आहे? मनातून तसंच करणारासुद्धा नाही मारणार. वर क्लासवाले महिन्याभरात या प्रश्नांचा संच छापून विकतील.

त्यामुळे ‘भावी शिक्षकांची मनोवृत्ती तपासण्यासाठी आणखी एक परीक्षा घ्या’ असं कोणी म्हणालं, की मी हात जोडतो. मला तपासणी हवी आहे, पण पेपर नको. माणसाच्या मनात काय आहे, हे सरकारने विचारूही नये. उमेदवार घरी कोणता देव पुजतो, कोणाशी सोयरीक करतो, हे विचारण्याचा अधिकार एकदा दिला, की पुढे तो कोण कसा वापरेल, सांगता येत नाही. वर्गात तो कसा वागतो, एवढंच आपण पाहावं.

मग फुल्यांचा उपाय? त्याच वर्गातला मास्तर नेमावा? पहिलीत कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारं मूल असेल तर कोरकू जाणणारे गुरुजी असणं लाखमोलाचं, यात वादच नाही. पण जन्माचा दाखला पुरेसा पडत नाही, हेही आता दिसलंय. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांचा भारतातल्या उत्तरपत्रिका तपासणीवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी लिहिली होती. खरी कोणाची कुठली, याचा संबंधच ठेवला नव्हता. तरीही ‘खालच्या’ जातीचं नाव लागलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता. पण तो दिसला कुठे? खुद्द त्या जातींतल्या शिक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत! इतरांच्या तपासणीत तसा दिसला नाही. मला यात त्या शिक्षकांना दोष द्यायचा नाही. ज्याला आयुष्यभर कमी लेखलं गेलं, त्याची स्वतःची मोजपट्टीही तशीच होऊन बसत असावी, असा माझा तर्क आहे.

वागणं पाहावं, असं मी म्हणतो, ते कसं पाहायचं? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात अगदी साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? सरासरी जेमतेम एक सेकंद. पण ज्यांना शिक्षक हुशार समजत होते, त्या मुलांसाठी जवळपास दोन सेकंद, आणि ज्यांना कच्ची समजत होते, त्यांच्यासाठी एक सेकंदही नाही. ज्या मुलाला जास्त वेळ लागणार, त्यालाच कमी वेळ!

आता आपल्या बी.एड.चा पाठ आठवा. मागच्या बाकावर निरीक्षक. फळ्यावरचं अक्षर, साधनांचा वापर, प्रस्तावना, प्रश्नांची रचना, सगळ्याची नोंद होते. प्रश्न कोणाला विचारला, याची होत नाही. माझं मागणं एवढंच आहे, की निरीक्षकाने वर्गाची बैठक कागदावर काढावी आणि दर प्रश्नाला त्या मुलाच्या चौकोनात खूण करावी. कोणाचं नाव घेतलं, कोणाला ‘ए, तू’ म्हटलं, कोणाच्या बोलीला वर्ग हसला आणि तेव्हा हे भावी गुरुजीही हसले का, तेही लिहावं. पाऊण तासात कागद बोलायला लागतो.

यावर कोणी म्हणेल, निरीक्षक बसला की उमेदवार नीटच वागणार. एखाद्या पाठाला वागेल की! पण 2014च्या नियमांनुसार बी.एड.ची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतला सराव, 20 आठवड्यांची आहे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात. सोळा आठवडे कोणाला नाटक जमत नाही. आणि सेकंदाचा फरक ही सवय आहे. करणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो, तो लपवणार कसा?

पहिल्याच कागदावरून कोणाला घरी पाठवू नये. एकजिनसी गावातून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराने दृष्टिहीन मूल किंवा वेगळ्या धर्माचं मूल वर्गात कधी पाहिलेलंच नसेल, तर त्याला कागद दाखवावा, पुन्हा पाठ घ्यायला लावावा. सोळा आठवड्यांनीही खुणा त्याच पाच-सात चौकोनांत पडत असतील, तर मात्र पदवी देऊ नये. गणिताच्या अध्यापनात नापास करतो, तसं यातही करावं.

खरी अडचण पुढेच आहे. ‘नॉन-अटेंडिंग’ बी.एड., म्हणजे कॉलेजात न जाताच मिळवलेली पदवी, ही काय भानगड आहे, ते श्रोत्यांना सांगायला नको. आंतरवासिताच कागदावर झाली, तर खुणा कोणाच्या चौकोनात करायच्या? महाराष्ट्रातल्या 291 शिक्षक-प्रशिक्षण संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. 2012च्या अहवालात त्यातल्या बहुतेक संस्था अपात्र ठरल्या. त्याच अहवालाने हेही सुचवलं होतं, की प्रशिक्षणाला प्रवेश देण्याआधीच उमेदवाराची पारख व्हावी. ही शिफारस स्थानिक परिस्थिती पाहून राबवायची होती.

ती व्हायची तेव्हा होईल. पण बी.एड.ची मुलं ज्यांच्या शाळेत येतात, त्या मुख्याध्यापकांना बैठकीचा कागद उद्याच्या पहिल्या तासापासून वापरता येईल. त्याला ना शासन निर्णय लागत, ना निधी.

नमस्कार.