कोच रॉब: ग्रॅम्बलिंगचं सगळं बघणारा माणूस

(पडद्यावर: कॉटन बोल, डॅलस, 1985)

5 ऑक्टोबर 1985. साइडलाइनवर उभे आहेत ते कोच एडी रॉबिन्सन, वय 66. समोरची टीम प्रेअरी व्ह्यू ए अँड एम. ग्रॅम्बलिंगने, म्हणजे त्यांच्या कॉलेजने, ही मॅच 27-7 अशी मारली आणि कोचच्या नावावर 324 विजय झाले, अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांचा 323 चा रेकॉर्ड मोडला. हा अमेरिकन फुटबॉल बरं का, अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा तो, आणि कॉलेज लेव्हलला एवढ्या मॅचेस तोवर कुठल्याच कोचने जिंकल्या नव्हत्या.

रेकॉर्डवर टीव्हीवाल्यांनी तेव्हा भरपूर बोलून घेतलं. आपण जास्त वेळ थांबणार आहोत ते त्याच्या आधीच्या 44 वर्षांवर, कारण खरं काम तिथे झालंय.

(पडद्यावर: कॉलेजचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो)

जन्म 1919, लुइझियानातल्या जॅक्सन गावात. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे, आई लोकांच्या घरी कामाला जायची. पुढे कुटुंब बॅटन रूजला आलं, मुलगा शिकला, लेलँड कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून खेळला, डिग्री मिळाली आणि नोकरी कुठे लागली तर पशुखाद्याच्या गिरणीत, तासाला 25 सेंटवर. ब्लॅक ग्रॅज्युएटला त्या काळात त्या भागात यापेक्षा वेगळं फार काही मिळत नव्हतं.

1941 मध्ये राज्याच्या उत्तरेला एका छोट्या ब्लॅक कॉलेजला, म्हणजे ब्लॅक विद्यार्थ्यांसाठीच्या कॉलेजला, कोच हवा होता. लुइझियाना नीग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, हेच पुढे ग्रॅम्बलिंग झालं. प्रेसिडेंट होते राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स, जे स्वतः बेसबॉलच्या टीमला कोचिंग द्यायचे, तर एका माणसाने चार कामं करायची हे तिथे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. पगार ठरला महिन्याला 63 डॉलर 75 सेंट. कोचचं वय 22.

आणि कामाची यादी? फुटबॉल कोच, बास्केटबॉल कोच. मैदानावरचं गवत कापायचं कोचने, चुन्याच्या रेघा मारायच्या कोचने, मॅचआधी पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या त्याही कोचनेच, आणि मॅच संपली की पेपरला बातमी लिहून पाठवायची तीसुद्धा त्यांनीच. हाताखाली असिस्टंट कोणी नाही, कॉलेजचा रात्रीचा वॉचमन मदतीला यायचा. बाहेरगावी मॅच असली की सँडविच बांधून घ्यायचे, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत या पोरांना टेबलावर बसूच देत नसत.

(पडद्यावर: 1942 च्या टीमचा ग्रुप फोटो)

पहिल्या सीझनला 3 जिंकल्या, 5 हरल्या. आणि दुसऱ्याच वर्षी, 1942 ला, हीच ती टीम: 9 पैकी 9 विजय आणि समोरच्यांना अख्ख्या सीझनमध्ये एकही पॉइंट नाही!

मग युद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचा फुटबॉल बंद, तेव्हा कोच गावातल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवायला लागले. तिथे एका शेतकऱ्याने कापूस वेचायला म्हणून आपली मुलं टीममधून काढून घेतली. कोच सगळी टीम घेऊन त्याच्या शेतात गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचून दिला आणि मुलं परत खेळायला आली. त्या बापाशी भांडून काही मिळणार नव्हतं, कारण त्याचीही अडचण खरी होती, आणि हे कोचना घरातूनच माहीत होतं.

(पडद्यावर: होस्टेलचा कॉरिडॉर)

कॉलेजात सकाळी होस्टेलमधून घंटा वाजवत फिरायचे ते, पोरं उठून क्लासला गेली पाहिजेत म्हणून. खेळ चार वर्षांचा, डिग्री जन्मभराची, असा त्यांचा हट्ट होता.

(पडद्यावर: टँक यंगर, लॉस एंजेलिस रॅम्स)

1949. पॉल यंगर, सगळे टँक म्हणायचे. ब्लॅक कॉलेजमधून एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या प्रो फुटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला प्लेअर. जाताना कोचनी त्याला सांगितलं होतं की तू तिथे फेल झालास तर आपल्या कॉलेजांतल्या पुढच्या पोराला चान्स कधी मिळेल सांगता येत नाही. केवढं ओझं आहे हे एका पोराच्या डोक्यावर! टँक टिकला, आणि मग रांग लागली: विली डेव्हिस, बक ब्युकॅनन, विली ब्राउन, चार्ली जॉइनर, हे चौघं तर प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि एकूण 200 च्या वर पोरं प्रो झाली.

पण क्वार्टरबॅक नाही. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर टीमचा मेंदू, आणि ब्लॅक माणसाला ते जमणार नाही असं तिथे धरूनच चालायचे, कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या पोराला सरळ दुसऱ्या जागेवर टाकायचे. 1969 ला ग्रॅम्बलिंगच्याच क्वार्टरबॅक जेम्स हॅरिसला एनएफएलच्या बफेलो बिल्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या प्लेअर्सच्या निवडीत, थेट आठव्या राउंडला घेतलं, इतक्या उशिरा. तो वैतागला होता, जावं की नाही या विचारात होता, तेव्हा कोचनी वीस वर्षांपूर्वी टँकला सांगितलं होतं तेच परत सांगितलं. हॅरिस गेला आणि रूकी, म्हणजे अगदी नवा, असताना सीझनच्या पहिल्याच मॅचला स्टार्टर म्हणून उतरला.

(पडद्यावर: यांकी स्टेडियम, मग टोकियो, बँडचा मोठा शॉट)

आता हे बघा. कोच पुढे अ‍ॅथलेटिक डायरेक्टरही होते. घरच्या छोट्या मैदानावर तिकिटं किती खपणार, म्हणून प्रेसिडेंट जोन्स, पब्लिसिटी बघणारे कॉली निकल्सन आणि कोच या तिघांनी टीमलाच गावोगाव न्यायचं ठरवलं. 1968 ला न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, समोर मॉर्गन स्टेट, 60 हजारांवर लोक. मॅच 9-7 ने हरलो, पण ग्रॅम्बलिंग हे नाव देशभर झालं. 1974 पासून न्यू ऑर्लिन्सला सदर्न या लुइझियानातल्याच दुसऱ्या ब्लॅक कॉलेजविरुद्ध बायू क्लासिक नावाची मॅच. 1976 ला थेट टोकियो, जपानमधली कॉलेज फुटबॉलची पहिली रेग्युलर सीझन मॅच, आणि सोबत कॉलेजचा हा बँड, जो 1967 च्या पहिल्याच सुपर बोलच्या, म्हणजे प्रो फुटबॉलच्या फायनलच्या, हाफटाइमला वाजला होता.

(पडद्यावर: सॅन डिएगो, 31 जानेवारी 1988)

डग विल्यम्स, ग्रॅम्बलिंगचाच. सुपर बोल, वॉशिंग्टन विरुद्ध डेन्व्हर, डग वॉशिंग्टनकडून. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकट्याचे 4 टचडाउन पास, म्हणजे थेट स्कोअर मिळवून देणारे पास, मॅच 42-10, सुपर बोल जिंकणारा पहिला ब्लॅक क्वार्टरबॅक आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम प्लेअर. हा शॉट पूर्ण बघा, आम्ही मध्ये बोलत नाही.

(आवाज फक्त स्टेडियमचा)

तोवर गोऱ्यांची मोठी विद्यापीठंही ब्लॅक प्लेअर घ्यायला लागली होती, चांगली पोरं तिकडे जायला लागली, कोचचे शेवटचे सीझन हरण्यातच गेले आणि 1997 ला 408 विजय, 165 पराभव, 15 बरोबरी यावर ते थांबले. 2007 मध्ये अल्झायमरच्या आजारात गेले, पार्थिव बॅटन रूजला स्टेट कॅपिटलमध्ये दर्शनाला ठेवलं होतं.

कोचची खुर्ची 1998 ला मिळाली डग विल्यम्सला. 2000, 2001 आणि 2002, सलग तीन वर्षं त्याने ग्रॅम्बलिंगला कॉन्फरन्स, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांची लीग, जिंकून दिली.