‘तुम्ही स्वतः कुठं खेळलात?’

मंडळाने मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि साडेपाचला चहा आहे, तेव्हा प्रस्तावना नको. गेल्या ऑक्टोबरात आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघानं टोनी व्हिटेलो यांना मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमलं. ते टेनेसी विद्यापीठाचे कोच. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग सोडाच, तिच्या खालच्या मायनर लीगमध्येही ते कधी खेळले नाहीत की कोच नव्हते. मिझुरी विद्यापीठाकडून खेळले, मग मिझुरी, टेक्सास ख्रिश्चन, आर्कन्सा या विद्यापीठांत असे साहाय्यक कोच म्हणून फिरले, आणि २०१७ मध्ये टेनेसीला आले. २०२४ मध्ये त्या विद्यापीठाला बेसबॉलमधलं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, त्या एका मोसमात साठ सामने जिंकून. कॉलेजमधून असे थेट मेजर लीगच्या मॅनेजरपदावर येणारे ते पहिलेच. बातमी आली त्या दिवशी कॅलट्रेन या इथल्या लोकलमध्ये माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, “पण हा खेळलाय कुठं?”

या प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे.

आमच्या जळगावकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात. आमचे पीटीचे सर मूळचे खो-खोवाले. सॉफ्टबॉलचा एकही सामना ते स्वतः खेळले नव्हते. नियमांचं पुस्तक मिळवून, रात्री कंदिलाशी बसून ते खेळ शिकले आणि मग आम्हाला शिकवला. “चेंडू ग्लव्हमध्ये यायच्या आधी तो कुठं फेकायचा ते ठरलेलं पाहिजे,” हे त्यांचं वाक्य आमच्या हाडांत मुरलंय. त्यांच्या हाताखालची सहा मुलं जिल्ह्याच्या संघात गेली. मग एका वर्षी शिबिराला कोच हवा होता, म्हणून सर आम्हाला घेऊनच मुलाखतीला आले. निवड समितीतल्या एकानं आमच्यासमोर विचारलं, “तुम्ही स्वतः कुठं खेळलात?” सर म्हणाले, “नाही खेळलो.” संपलं. फाइल मिटली. परतीच्या एसटीत ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, आदल्या दिवशीच्या सामन्यात आम्ही काय चुकलो ते सांगत राहिले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आजही तो प्रश्न ऐकला की माझ्या पोटात कालवतं.

म्हणून मला बॉबी विंकल्स फार जवळचे वाटतात. इथे बेसबॉल पाहणाऱ्यांनाही हे नाव आता आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आर्कन्सातला हा माणूस शिकागो व्हाइट सॉक्सच्या मायनर लीग संघांतून खेळला, मेजर लीगपर्यंत पोचला नाही. १९५९ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठात कोच झाला आणि १९६५, १९६७, १९६९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन आला. पोरं कोण होती बघा, पुढे मेजर लीग गाजवणारी: सॅल बँडो, रिक मंडे, रेजी जॅक्सन. मेजर लीगचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं, १९६५ मध्ये झाला, त्यातलं अगदी पहिलं नाव रिक मंडेचं. रेजी तर फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर तिथं आला होता. फुटबॉलसाठी आलेल्या पोराला बेसबॉलच्या मैदानात उभं करणारा कोच काय नजरेचा असेल!

कॅलिफोर्निया एंजल्स या मेजर लीग संघानं विंकल्सना १९७२ मध्ये कोच म्हणून घेतलं आणि १९७३ मध्ये मॅनेजर केलं. त्या वर्षी त्यांच्या संघात नोलन रायन हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. रायनने ३८३ फलंदाज बाद केले, तेही निव्वळ स्ट्राइकआउटने, म्हणजे तीन स्ट्राइक पाडून. १९०० नंतरच्या बेसबॉलमधला एका मोसमाचा तो विक्रम आजही उभा आहे. त्याच संघात फ्रँक रॉबिन्सनही होता, थोर खेळाडू आणि स्वतः मॅनेजर होण्याची इच्छा बाळगणारा. दोघांचं जमलं नाही. १९७४ च्या मध्यावर विंकल्स गेले, पुढे रॉबिन्सन क्लीव्हलंडला गेला आणि १९७५ मध्ये मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला. ती वेगळी आणि मोठी गोष्ट, तिच्यासाठी मंडळाने पुन्हा बोलवावं.

पुढचा भाग खाडीपलीकडचा, आपल्या ओकलंडचा. १९७७ मध्ये तिथल्या ए’ज संघाचे मालक चार्ली फिनली यांनी विंकल्सना मॅनेजर केलं. फिनलींनी चांगले खेळाडू एकेक करून घालवले होते, उरलेल्या पोरांना घेऊन विंकल्स १९७८ च्या मेमध्ये चोवीस विजय आणि पंधरा पराभवांसह गटात पहिल्या क्रमांकावर होते. आणि त्यांनी राजीनामा दिला! पहिल्या क्रमांकावर असताना! मालकाची रोजची ढवळाढवळ, सारखे फोन, हे त्यांना सोसवेना. तुमच्यापैकी ज्यांचा साहेब रविवारी सकाळी फोन करतो त्यांना हे समजावून सांगायला नको. आता मला सांगा, यात मेजर लीगमध्ये न खेळल्याचा काय संबंध? तरी पुढे कित्येक वर्षं लोक हेच म्हणत राहिले, की कॉलेजवाल्यांना ते जमत नाही, विंकल्स बघा.

पॅट मर्फी यांच्याबद्दल बोलायलाच हवं. नोत्र दाम, मग ॲरिझोना स्टेट, दोन्हीकडे कोच. २००९ मध्ये कॉलेज सुटलं आणि सॅन डिएगो पॅड्रेजच्या मायनर लीग संघांत नव्याने सुरुवात. मिलवॉकीच्या मेजर लीग संघात ते बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचे उजवे हात, झाले तेव्हा मॅनेजर होता क्रेग काउन्सेल, नोत्र दामचा त्यांचाच विद्यार्थी. गुरुजी शिष्याच्या हाताखाली आठ मोसम आनंदाने राबले. पूर्णवेळ मॅनेजर होईपर्यंत ते पासष्टीला टेकले होते. लगोलग २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी नॅशनल लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचे, सर्वोत्तम मॅनेजर! सामना चालू असताना टीव्हीवर मुलाखत देता देता खिशातून पॅनकेक काढून खाणारे ते हेच. आपल्याकडचा कोच असता तर थालीपीठ निघालं असतं, आणि शेजारच्याला अर्धं मिळालं असतं.

दहाच मिनिटं उरल्याची खूण होते आहे. मुख्य मुद्दा राहिलाच, भराभर सांगतो.

कॉलेजवाल्यांसाठी मेजर लीगचं दार आधी उघडलं ते पिचिंग कोचसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना शिकवणाऱ्यांसाठी. २०१८ च्या शेवटी मिनेसोटा ट्विन्सनी वेस जॉन्सन यांना आर्कन्सा विद्यापीठातून थेट उचललं. नंतर डेट्रॉइटच्या संघानं मिशिगन विद्यापीठाचे क्रिस फेटर घेतले. त्यांना कोणी विचारलं नाही कुठं खेळलात. का? कारण चेंडूचा वेग आणि फिरकी यंत्र मोजतं. शिकवलेलं दिसतं. मॅनेजरचं काम मोजणारं यंत्र नाही. सव्वीस खेळाडू, १६२ सामने, कोणाला बाहेर बसवायचं, बसवलेल्याशी कसं बोलायचं. जिथं मोजमाप नाही तिथं लोक दाखला मागतात, आणि दाखला म्हणजे ‘तुम्ही कुठं खेळलात’. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते काम कॉलेजचा कोच वर्षानुवर्षं करत आलेला असतो. आत्ताआत्तापर्यंत त्याच्याकडे अख्ख्या संघासाठी ११.७ स्कॉलरशिप असायच्या. त्यांचे तुकडे करून सत्तावीस मुलांत वाटायचे, आणि प्रत्येकाच्या आईबापांना घरी जाऊन पटवायचं. इथं बसलेल्या, फीचा हिशेब केलेल्या प्रत्येक पालकाला त्यातली कसरत कळेल.

धास्ती मलाही आहे. कॉलेजात आपण निवडलेली मुलं असतात, इथं कोणत्याही कोचपेक्षा कितीतरी जास्त कमावणारे पुरुष असतात. कॉलेजात छप्पन्नच्या आसपास सामने, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, मधले दिवस सरावाला. इथं हरल्यावर रात्री झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं, सहा महिने. व्हिटेलोंना हे शिकावं लागेल. पण ते शिकता येतं. सर सॉफ्टबॉल शिकलेच ना.

एक सांगून थांबतो. जायंट्सचं सराव शिबिर ॲरिझोनात स्कॉट्सडेलला असतं. तिथून टेम्पी अगदी जवळ, आणि टेम्पीत ॲरिझोना स्टेट आहे, जिथं विंकल्स होते आणि जिथं मर्फी होते. व्हिटेलोंचं पहिलं शिबिर तिथंच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहिला सामना इथं सॅन फ्रान्सिस्कोत, न्यूयॉर्क यांकीजशी. मी तिकिटं काढली आहेत. मागच्या रांगेतल्या आजोबांनी केव्हाचा हात वर धरलाय, विचारा आजोबा.