शिलकी अंदाजपत्रकातली शिल्लक

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी संपत आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरल्यासारखी येते. अमुक नगरपरिषदेचं इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, करवाढ नाही. सोबत सभागृहाचा फोटो. माझी सगळी नोकरी नगरपरिषदांच्या लेखा विभागात गेली. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी छापून आली की शेजारचे गृहस्थ पेपर घेऊन आमच्याकडे हजर. "अण्णा, बासष्ट कोटी म्हणे! आणि आपल्या गल्लीच्या तोंडचा दिवा तेवढा बंद." दरवर्षी मी त्यांना चहा पाजतो आणि अर्धवट उत्तर देऊन वाटेला लावतो. आज जरा सविस्तर सांगतो. तेही ऐकत असतील.

आधी थोडं कायद्याचं. आपल्या राज्यातल्या लहान शहरांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यानं चालतो. लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. गाव शहर व्हायच्या वाटेवर असेल तर नगरपंचायत. १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बारावी अनुसूची आली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं लिहिली आहेत. पाणी, रस्ते, सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन, स्मशानभूमी, अगदी कोंडवाडासुद्धा. कामांची यादी घटनेत आली, पैशाची यादी मात्र तितक्या ठळकपणे आली नाही. सगळं दुखणं तिथंच आहे.

आता त्या बासष्ट कोटींकडे वळू. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतो आहे, कुठल्या एका गावाचे नव्हेत. समजा अंदाजपत्रक ६२ कोटींचं आहे. पहिल्याच पानावर एक ओळ असते, 'आरंभीची शिल्लक'. समजा ती २१ कोटी. त्याखाली शासकीय अनुदानं, ३४ कोटी. आणि नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार वसुली, बांधकाम परवानगीचं शुल्क हे सगळं मिळून ७ कोटी. झाली बेरीज ६२.

ऐकणाऱ्याला वाटतं, २१ कोटी आधीच तिजोरीत पडून आहेत, मग अडलंय कुठं? अडलंय असं की, ही शिल्लक बहुतेक वेळा मागच्या वर्षी न खर्चलेल्या अनुदानांची असते. पाण्याच्या टाकीचे पैसे आले, पण जागेचा वाद मिटला नाही. घनकचरा प्रकल्पाचे आले, निविदेला कुणी फिरकलं नाही. तो पैसा बँकेत असतो खरा, पण त्याच्यावर नाव लिहिलेलं असतं. लग्नाच्या घरात पाहुण्यानं सांभाळायला दिलेल्या बॅगेसारखा. घरात आहे, आपला नाही.

अनुदानांचंही तेच. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना जो निधी ठरवून दिला, त्यातला ४० टक्के भाग अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, आणि ६० टक्के बंधित. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. नगरोत्थान अभियान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी यांतला रुपया न् रुपया मंजूर कामालाच लागायला हवा. कित्येक योजनांत नगरपरिषदेला आपला स्वहिस्सा घालावा लागतो, आणि तो त्याच सात कोटींतून जातो. म्हणजे अनुदान जितकं मोठं, तितका घरच्या खिशाला ताण जास्त. हे भाषणात कुणी सांगत नाही.

पूर्वी असं नव्हतं. नगरपालिकांना जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची आणि रोज संध्याकाळी रोख रक्कम कोषागृहात यायची. त्या पैशाला कुणाची अट नव्हती. भ्रष्टाचारही होता, ते मी लपवणार नाही. नाक्यावरची बदली मिळावी म्हणून काय काय चालायचं ते मी पाहिलंय. पण १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं. ते आलं की पगार होतात. उशिरा आलं की सफाई कामगाराचा पगारही उशिरा. जकातीच्या काळात कर्मचारी पगारासाठी नाक्याकडे बघायचे, नंतर मुंबईकडे बघायला लागले.

आता उरले ते सात कोटी. त्यांची गोष्ट आपल्या घरातल्या एका कागदावर आहे. घरपट्टीचं बिल. जवळ असेल तर काढा, रेडिओ काही पळून जात नाही. वर मालमत्ता क्रमांक, मग करयोग्य मूल्य. तुमचं घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करून हे मूल्य काढतात. दर चार वर्षांनी ही आकारणी नव्यानं व्हायची असते, तिला आम्ही चतुर्वार्षिक म्हणायचो. खाली कराच्या ओळी. मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर, काही ठिकाणी रोजगार हमी कर. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषदेचा नाही बरं का. ती फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. लोक काउंटरवर भांडतात ते बिलाच्या पूर्ण रकमेवर, आणि त्यातला एक हिस्सा गावात राहतच नाही.

सगळ्यात खाली शास्ती. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के. दहा हजार थकले तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. लोकांना हे सावकारी वाटतं. पण मोठे थकबाकीदार निवांत असतात, कारण कधी ना कधी सवलतीची घोषणा होईल असा त्यांना भरवसा असतो. नियमानं भरणाऱ्याला मात्र त्या दिवशी मूर्ख ठरल्यासारखं होतं. माझं स्पष्ट मत आहे, अशा प्रत्येक घोषणेनंतर पुढच्या वर्षीची वसुली आणखी ढिली पडते.

पाणीपट्टीचं तर विचारूच नका. लहान शहरांत बहुतेक ठिकाणी मीटर नाहीत. अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठरलेली रक्कम, मग तुम्ही घागर भरा नाहीतर अंगण धुवा. तिकडे धरणापासून पाणी उचलणारे पंप रात्रंदिवस चालतात आणि त्यांचं वीजबिल दर महिन्याला येतं. पाणीपट्टीची जमा आणि पाणीपुरवठ्याचा खर्च यांचा मेळ बसलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. पट्टी वाढवायचा विषय सभेपुढे आला की "निवडणुकीनंतर बघू" म्हणून तहकूब, आणि निवडणूक कुठली ना कुठली असतेच.

या सात कोटींतूनच कायद्यानं, शासन निर्णयानं काही वाटे काढून ठेवायचे असतात. दिव्यांगांसाठी पाच टक्के, महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के. हे वाटे कागदावर चोख निघतात. खर्च करताना मात्र मार्च उजाडतो. मग एकदम शिलाई यंत्रांची खरेदी निघते.

पैसा थोडा असला की तो कशावर खर्चायचा हा प्रश्न टोकदार होतो, आणि तो आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवायला एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. मतदान झालं, विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. स्वागतकमानीच्या खर्चाचा ठराव टंकलिखित होऊन माझ्या टेबलावर आला की मला नेहमी ते एक मत आठवायचं. बिल मी पास करायचो, ती गोष्ट वेगळी.

आता वर्ष कसं सरकतं ते थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे म्हणजे टँकर आणि नालेसफाई. नालेसफाईचं मोजमाप पावसाच्या आत घ्यावं लागतं, नाहीतर गाळ किती काढला आणि किती वाहून गेला हे देवालाच माहीत. पावसाळ्यात धूरफवारणी आणि खड्डे. पुढे सणवार, विसर्जनाची व्यवस्था. ऑक्टोबरपासून कामांचा हंगाम. एका साध्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश एवढ्या पायऱ्या. मग प्रत्यक्ष काम. मग अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहितो तेव्हा बिल बनतं. करारात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. हे कलम माहीत असलेले नगरसेवक मला थोडेच भेटले, पण जे भेटले त्यांच्या प्रभागातले रस्ते टिकले.

जानेवारी-फेब्रुवारी अंदाजपत्रकाचे. मुख्याधिकारी मसुदा करतात, तो स्थायी समितीपुढे जातो, मग विशेष सर्वसाधारण सभा. मध्ये काही वर्षं बहुतेक नगरपरिषदांत सभाच नव्हती. मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा विषय न्यायालयात अडकला आणि प्रशासकच ठराव मांडायचे, प्रशासकच मंजूर करायचे. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. सभेत गोंधळ होतो, मान्य. पण रिकाम्या सभागृहात मंजूर झालेलं अंदाजपत्रक वाचताना मला तो गोंधळ बरा वाटायचा.

आणि मग मार्च. वसुली पथकं निघतात, नळ तोडतात, जप्तीचे वॉरंट निघतात, कुठं कुठं थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजते. ३१ मार्चच्या रात्री लेखा विभागात कुणी घरी जात नाही. अनुदान परत जाऊ नये म्हणून बिलांचा ढीग. आमच्याकडे एकदा रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि प्रत्यक्ष रोख यांत चाळीस रुपयांचा फरक निघाला. तिघं जण पहाटेपर्यंत पावती पुस्तकं चाळत बसलो. शेवटी सापडलं, बाजार वसुलीच्या कारकुनानं दोन पावत्यांचे आकडे चुकीचे चढवले होते. कोट्यवधींची कामं पहाटे दोन वाजता सह्या होऊन सुटली आणि चाळीस रुपयांनी आम्हाला जागं ठेवलं.

त्यानंतर केव्हातरी स्थानिक निधी लेखापरीक्षेची माणसं येतात. आक्षेप काढतात, त्यांची उत्तरं जातात, काही आक्षेप वर्षानुवर्षं तसेच राहतात. काम करून घेणारा अधिकारी तोवर दोन बदल्या पुढे गेलेला असतो.

तर शेजाऱ्यांच्या दिव्याकडे येतो. अंदाजपत्रकाचं पुस्तक मागायला संकोचू नका. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे, त्याखाली ते अर्ज न करताही लोकांना बघायला मिळायला हवं. पहिलं पान सोडा. 'दिवाबत्ती साहित्य खरेदी' हे लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाची ओळ, शोधा. एकाच ओळीत अनेक रकाने असतात. मागच्या वर्षांचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचा अंदाज, पहिल्या काही महिन्यांचं प्रत्यक्ष, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. समजा अंदाजाच्या रकान्यात वीस लाख आहेत आणि प्रत्यक्षच्या रकान्यात सहा. तर त्या गावात सहा लाखांचेच दिवे लागले.

मागच्या आठवड्यात मी असंच एक जुनं पुस्तक शेजाऱ्यांपुढे उघडून ठेवलं. त्यांनी प्रत्यक्षच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग उरलेले चौदा लाख?"

म्हटलं, ते कधी नव्हतेच. कामांची यादी आधी ठरते. खर्चाची बेरीज आली की जमेची बाजू तिच्या उंचीला न्यावी लागते, कारण तुटीचं अंदाजपत्रक कुणाला नको असतं. मग घरपट्टीची वसुली साठ टक्के होत असली तरी नव्वद धरायची. पानाच्या तळाशी थोडी शिल्लक उरली की झालं शिलकी अंदाजपत्रक.

ते बराच वेळ पान बघत राहिले. मग म्हणाले, "पण अण्णा, हे आकडे तर तुम्हीच लिहायचात ना?"

हो, मीच लिहायचो. जमेची बाजू पेन्सिलीनं लिहायचो.

नमस्कार.